देऊळ फिरलं, नंदी मागंच राहिला

तू पाठवलेली चाळीस पानं आधी मोबाईलवर वाचली. डोळ्यांना पाणी यायला लागलं (गोष्टीमुळं नव्हे, अक्षर बारीक होतं), तेव्हा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि ओसरीवर बसून पुन्हा वाचली. पोरी, तुला लिहिता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बरंच टोचून बोलणार आहे.

पहिल्याच पानावर बर्फ पडतो. मग किल्ला, भिंतीवर मशाली, खंदकाकाठी लांडगे, आकाशात ड्रॅगन. नायकाचं नाव व्हॅलेरियन. तो सकाळी उठून पाव आणि चीज खातो. तू जन्मलीस हिंगोलीत, शिकतेस पुण्यात. बर्फ पाहिलास तो रसवंतीवाल्याच्या पोत्यातला, भुसा लागलेला. न पाहिलेलं लिहू नये असं मी म्हणत नाही, तो तर आपला धंदाच आहे. पण तुझ्या त्या बर्फात कुणाचेही पाय गारठत नाहीत. २०१४ च्या मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा तू आमच्याकडं होतीस, तिसरीत. पत्र्यावर गारा आदळायला लागल्या तशी तू कॉटखाली घुसलीस, आणि दुसऱ्या दिवशी चिंचेखाली उभी राहून मला विचारलंस, "आबा, मेलेल्या पोपटांना आता कुठं ठेवायचं?" असा एकही प्रश्न त्या चाळीस पानांत कुणी कुणाला विचारत नाही.

फोनवर तू तीन गोष्टी विचारल्यास. सुचतं कुठून, लिहायची शिस्त कशी लावायची, आणि नव्या माणसानं करावं काय. मी काही मोठा लेखक नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं खडू झिजवला आणि उरलेल्या वेळात यक्ष, राक्षस, बोलकी झाडं, उडणारी माणसं लिहिली. दिवाळी अंकांत वीस-पंचवीस गोष्टी आणि तीन पातळ पुस्तकं, एवढीच माझी कमाई. चुका मात्र भरपूर केल्या. त्या तुला फुकट देतो.

औंढ्यापासून सुरू करू. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून मला औंढा नागनाथला नेलं. अरुंद पायऱ्यांवरून वाकत, जवळजवळ बसतच आम्ही त्या भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरलो, पिंडीला हात लावला, घामाघूम होऊन वर आलो. वर पुजाऱ्यानं गोष्ट सांगितली. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते. त्यांना तिथून उठवलं, मागच्या बाजूला जा म्हणून सांगितलं. ते निमूट मागं गेले आणि गायला लागले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. पुरावा म्हणून पुजाऱ्यानं बोट दाखवलं: बाकी शिवालयांत नंदी समोर असतो, इथं तो मागं आहे. मी विचारलं, "मग नंदी का नाही फिरला?" वडिलांनी पाठीत धपाटा घातला.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पस्तिशीत मिळालं. नंदीही फिरला असता तर सगळं पुन्हा जागच्या जागी आलं असतं. काही घडलं होतं हे कुणाला कळलंच नसतं. देऊळ फिरल्याची खूण म्हणून तो दगडाचा बैल तेवढा चुकीच्या जागी राहिला, आणि त्याच्या जिवावर ही गोष्ट शेकडो वर्षं टिकली. आता तू म्हणशील, आबा, उलटंही असेल. नंदी मागं दिसला म्हणून कुणीतरी मागाहून गोष्ट जोडली असेल. असेना का! लिहिणाऱ्याला दोन्ही वाटा चालतात. सुचतं कुठून, या तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: जागा चुकलेला नंदी शोध. जी वस्तू, जो आवाज, जो माणूस असायला नको तिथं आहे, तिथं थांब. आणि चमत्कार घडवलास की एक नंदी मागं ठेव. सगळं नीटनेटकं करू नकोस.

तुझा ड्रॅगन पंधराव्या पानावर अख्खं गाव जाळतो आणि सोळाव्या पानावर लोक राजाच्या लग्नाला निघतात. अगं, जळालेल्या कडब्याचा वास चार दिवस जात नाही. कुणाची म्हैस दावणीलाच राहिली? कुणाच्या घराची एकच भिंत उभी आहे आणि तिच्यावर खुंटीला सदरा तसाच लोंबतो आहे? पंचनाम्याला कोण आलं, आणि ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात तलाठ्यानं काय लिहिलं? मी हसवायला सांगत नाहीये. तलाठ्यानं त्या रकान्यात काही क्षण पेन थांबवलं, एवढं लिहिलंस की तुझा ड्रॅगन खरा झाला.

नंदी शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या पोटातून वर्षानुवर्षं गूढ आवाज येतात हे तू पेपरात वाचलं असशील. लोक रात्री घराबाहेर येऊन बसायचे. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आपल्या घरातली मांडणीवरची भांडीही वाजली. तुझी आजी आतून ओरडली, "उंदीर शिरलेत, जरा बघा." इथंच मी तुझ्या जागी असतो तर गोष्ट सुरू केली असती. जमिनीखाली कोण आहे ते दीडशे पानं सांगितलंच नसतं. आधी भांडी, मग उंदराचा संशय, मग आजीनं लावलेला पिंजरा, आणि पिंजऱ्यात सकाळी सापडलेलं भलतंच काहीतरी.

शास्त्रज्ञ त्या आवाजांचं कारण सांगतात ते वेगळं, तेही वाच. अद्भुत लिहिणाऱ्यानं शास्त्राचा कंटाळा केला की त्याची गोष्ट पोकळ होते. जयंत नारळीकरांचं उदाहरण घे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी वाच म्हणजे कळेल. आपलं अक्षर ओळखू येईल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. विज्ञानकथा वेगळी आणि अद्भुतकथा वेगळी असा वाद घालणारे घालोत, मला त्यातला कानमंत्र हवा आहे: गोष्ट नावाशिवाय उभी राहते का ते एकदा तपासून बघावं. तू कॉलेजच्या स्पर्धेत आपलं नाव, फोटो, फॉलोअर सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट टाकून बघ.

आणि गंमत पुढंच आहे. त्या कथेनंतर एक्केचाळीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी खरोखरीच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली लहर पकडली. टक्कर झाली होती सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षं लांब. लहर पृथ्वीवरून गेली तेव्हा चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शाइतकी बदलली, आणि यंत्रानं ती टिपली. तशीच वेधशाळा आता आपल्या औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका त्यात भागीदार आहे. म्हणजे देऊळ फिरलं ते औंढा, आणि आकाशाची थरथर ऐकायला बसणार तेही औंढाच. जिथं माणसांची वर्दळ आणि जमिनीची हालचाल कमी अशी जागा त्यांनी शोधली. तिथून जवळच्याच तालुक्यात जमीन रात्री आवाज करते. पोरी, एवढं सगळं दारात पडलेलं असताना तू व्हॅलेरियनला चीज खाऊ घालतेस!

आता जादूचं बघू. तुझा नायक पाचव्या पानावर उडतो, बाराव्यावर अदृश्य होतो, विसाव्यावर मेलेल्याला उठवतो. मग तिसाव्या पानावर तो तुरुंगात का बसतो? उडून का जात नाही? जादूला भाव पाहिजे आणि भाव कुणीतरी चुकवला पाहिजे. तू ‘तुंबाड’ पाहिलास ना, राही बर्वे यांचा, २०१८ चा? हस्तरकडं सोनं आहे, पण तो धान्याला भुकेला. पिठाची बाहुली टाकायची, तो ती खाईपर्यंत त्याच्या कमरेच्या मोहरा ओढायच्या आणि पळायचं. शिवला तर संपलं. नियम एवढाच, शाळेतल्या पोरालाही दुसऱ्याला सांगता येईल असा. सगळी भीती त्या नियमातून येते, कारण आपल्याला ठाऊक असतं की लोभी माणूस एक दिवस दोन बाहुल्या घेऊन जाणार.

त्या सिनेमाचं मूळ नारायण धारपांच्या कथेत सांगतात. धारप (१९२५–२००८) आमच्या पिढीनं रात्री कंदिलाची वात मोठी करून वाचले. शंभरावर पुस्तकं, आणि ‘समर्थ’ तर घरोघरी. परदेशी बीज घ्यायला ते कचरले नाहीत. ‘लुचाई’मागं स्टीफन किंगची कादंबरी आहे. पण भीती त्यांनी आणून ठेवली ती मराठी घरात. माजघर, माळा, जिन्याखालची अंधारी जागा, रात्री कढत दूध पिणारी समजूतदार माणसं. त्यांच्याकडून हे उचल. फक्त एक कर: कुणाचं बीज घेतलंस तर पहिल्या पानावर नाव घाल. उसनं घेतलेलं सांगितलं की हलकं होतं.

मग सगळं मराठवाड्यातच घडवायचं का? मुळीच नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून ‘इस्किलार’ लिहितात. ना गाव ओळखीचं, ना समुद्र, ना माणसांची नावं. ‘प्रवासी’तही तसंच. पण त्यातलं ऊन अंगाला लागतं, तहान घशात जाणवते, आणि वाक्य एकदम मराठी असतं. नाव कुठलंही ठेव, वाक्य उसनं नको. तुझ्या पानांत एक पात्र म्हणतं, "मला त्याबद्दल कल्पना मिळाली आहे." असं कुणाच्या घरात बोलतात गं?

नावांवरून आठवलं. अमेरिकेच्या उर्सुला ल ग्विन यांची ‘अर्थसी’ मालिका आहे, पहिलं पुस्तक १९६८ चं. तिथं ज्याला एखाद्या वस्तूचं खरं नाव ठाऊक असेल त्याचीच तिच्यावर सत्ता चालते. पुस्तक छान आहे, वाच. पण ही गोष्ट तुझ्या पणजीलाही ठाऊक होती. दिवेलागणीनंतर ती सापाचं नाव घेत नसे, ‘लांबडं’ म्हणायची. कुणाला साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणायची. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय ओठांवर आणायची नाही. नाव घेतलं की ते येतं, हा अख्खा नियम तयार आहे, किमतीसकट. कयाधू नदीच्या काठावर शेंदूर माखलेले सात दगड असतात त्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, रानात वाट चुकवणारा चकवा. तुझ्या यादीत एल्फ आहेत, ऑर्क आहेत. ही मंडळी नाहीत. माझा राग नाही, पण ती रुसली असतील.

वाचनाचं थोडक्यात सांगतो. मला घडवलं ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळानं, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी पुढं नेलेल्या अरबी सुरस गोष्टींनी, आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’नं. नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालून लुळे झाले. त्यानंतर अंथरुणात वाचता वाचता ते लिहिते झाले. ‘वीरधवल’ १९१३ चं. ज्याला खोलीबाहेर जाता येत नव्हतं त्यानं महाराष्ट्राला भुयारांतून, राजवाड्यांतून पळवलं. तुला वेळ मिळत नाही असं पुन्हा म्हणालीस तर मी हे नाव घेईन.

पण या सगळ्यांचा मूळपुरुष आपल्या गोदावरीकाठचा. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य होता, असं कथासरित्सागर सांगतो. राजाला संस्कृत शिकवण्यावरून पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिने. गुणाढ्य पैज हरला, आणि बोलल्याप्रमाणं संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथं उरली पैशाची, म्हणजे पिशाच्चांची भाषा. त्या भाषेत त्यानं सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्य ती घेऊन राजाकडं गेले. राजानं पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची अक्षरं बघून नाक मुरडलं. मग गुणाढ्यानं डोंगरावर जाळ पेटवला आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. रानातली जनावरं भोवती गोळा झाली. चरणं विसरली, डोळ्यांतून धारा. इकडं राजाच्या ताटात वाळकं, चरबी नसलेलं मांस यायला लागलं आणि तो आजारी पडला. चौकशीत खरं कारण कळलं, तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरला तो एक लाख. शिष्यांना फार आवडायचा म्हणून तेवढा भाग त्यानं बाजूला ठेवला होता.

हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. लेखक होऊ पाहणाऱ्याला यात सगळंच सापडतं. पैशाचीतलं ते मूळ पुस्तक आज जगात कुठंही नाही, तरी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्यावरूनच कथासरित्सागर रचला आणि वेताळपंचविशी आपल्यापर्यंत पोचली. पण मला सगळ्यांत कामाची वाटते ती जनावरं. त्यांना गुणाढ्य कोण, भाषा कुठली, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी चरणं थांबवलं, एवढंच. तुझे पहिले वाचक असे शोध. मैत्रिणी नकोत, त्या बदाम टाकतात. मी चौथीच्या पोरांना वाचून दाखवायचो. पोरं खोटं बोलत नाहीत, विशेषतः पायांनी. जिथं पाय हलायला लागतात, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढतो, त्या ओळीपाशी समासात पेन्सिलीनं फुली मारायची. घरी येऊन ती जागा कापायची. स्वतःशी वाद घालायचा नाही.

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट तुला माहीत आहे. नामदेव रुसले, पण पुढं औंढ्यालाच आले, विसोबा खेचरांकडं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय हलवा म्हटलं तर म्हणाले, जिथं देव नाही तिथं तूच ठेव. जिथं ठेवावेत तिथं पिंडी! माझ्या पहिल्या गोष्टीला एका संपादकांनी तीन ओळींत कच्चं म्हटलं होतं. मी दोन वर्षं त्यांच्यावर डूख धरला. दोन वर्षं फुकट गेली. तू दोन दिवस धर, मग पुन्हा लिहायला बस.

शिस्तीचं. शंभरपानी वही, उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं. डाव्या पानावर दुरुस्त्या, शंका, नकाशा, कोण कुणाचा मामा याचा हिशेब. मोबाईलवर लिहू नको असं म्हणत नाही, पण खोडलेलं त्यात दिसत नाही, आणि खोडलेल्यात कधीकधी पुढची गोष्ट असते. वेळ झुंजूमुंजूची. आपल्याकडं चैत्र-वैशाखात दहानंतर डोकं चालत नाही. भारनियमनाच्या काळात मला वीज पहाटे मिळायची, तेव्हापासून सवय पडली ती पडलीच. दिवसाला दोन पानं. तीन झाली तरी उद्या सूट नाही.

आणि उठताना विस्तव राखून ठेव. तुझी पणजी रात्री चुलीतला निखारा गवरीसकट राखेत झाकायची. सकाळी फुंकर मारली की पेटलं, काडेपेटी वाचायची. तसं, पुढचं वाक्य ठाऊक असतानाच पेन ठेवायचं. सगळं लिहून रिकामी होऊन उठलीस तर सकाळी गार चुलीसमोर बसावं लागेल.

कागदासाठी अडून बसू नको. इंग्लंडचे टॉल्किन प्राध्यापक होते. उत्तरपत्रिका तपासताना एका पोरानं कोरं सोडलेलं पान मिळालं आणि त्यावर त्यांनी ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य लिहिलं. पुस्तक आलं १९३७ मध्ये. मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, कोरी पानंही पुष्कळ मिळाली, पण मी त्यांवर शून्यच दिले. हा माझा दोष.

अडकलीस तर? रानात चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारतो. जुनी माणसं सांगायची, चालू नको, जागीच बस, उजाडू दे. गोष्टीतही तसंच. पात्रं गोल गोल फिरायला लागली, पुन्हा एक लढाई, पुन्हा एक प्रवास, की ओळख: चकवा लागला. नवीन राक्षस आणू नको. त्याच जागी बस आणि आजूबाजूला काय आहे ते लिही. दावं, चप्पल, भाकरीचा तुकडा, कुणाचा तरी खोकला. बहुतेक वेळा वाट तिथंच असते, अंधारात दिसलेली नसते.

कापाकापीबद्दल आपल्या हळदीकडून शिक. बेणं लावल्यापासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने. मग शिजवणं, मग पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवणं, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळलेली होते साधारण एक क्विंटल. मला एका वर्षी घाई झाली, नीट न वाळलेला माल वसमतच्या मोंढ्यात नेला, व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून बघितलं आणि न बोलता पोतं बाजूला सारलं. तुझी चाळीस पानं शिजली आहेत, वाळलेली नाहीत. कपाटात ठेव, दोन महिने बघू नको. मग काढ. दहा उरली तरी चालतील, पण मोडली तर टणकन आवाज आला पाहिजे.

छापण्याबद्दल एकच सांगतो, कारण तिथं मी पोळलो. एका प्रकाशकानं गोड बोलून माझ्याकडून पैसे घेतले, पाचशे प्रती छापल्या आणि त्यातल्या साडेचारशे टेम्पोनं माझ्याच दारात आणून टाकल्या. पाच वर्षं नातलगांच्या लग्नात आहेर म्हणून दिल्या. उरलेल्या उधईनं खाल्ल्या, तीच काय ती शेवटपर्यंत वाचणारी. पदरचे पैसे घालून पुस्तक काढू नकोस. आधी दिवाळी अंकांना गोष्टी पाठव. ‘धनंजय’सारख्या अंकानं रहस्य आणि विज्ञानकथांना वर्षानुवर्षं जागा दिली आहे. मानधन थोडं मिळेल, उशिरा मिळेल. नोकरी सोडू नकोस. तुझ्या आईला हे शेवटचं वाक्य वाचून दाखव, तिला बरं वाटेल.

आता खरं सांगतो. तुझी पानं मी एकट्यानं वाचली नाहीत. शेजारच्या दोन्ही पोरांना ओसरीवर बसवून रोज संध्याकाळी पाच-पाच पानं वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर पाय हलले. सातव्यावर धाकटा उठून बोरं वेचायला गेला. ड्रॅगन आला तेव्हा थोरल्यानं जांभई दिली, "हा टीव्हीत असतो" म्हणाला. फुल्या मारून ठेवल्यात, तुला दिसतीलच. पण सत्ताविसाव्या पानावर किल्ल्याच्या मुदपाकखान्यात ती आंधळी म्हातारी येते ना, जी रोज रात्री गाडग्यातल्या बिया बोटांनी मोजते आणि रोज एक कमी भरते, तिथं दोघंही गप्प झाले. कोण नेतं ती बी, हे तू पुढं सांगितलंच नाहीस, विसरून गेलीस. तुझा नंदी तो आहे, आणि तू त्याला तसाच टाकून व्हॅलेरियनच्या लग्नाला गेलीस.

फेब्रुवारीत हळद शिजायला लागेल तेव्हा ये. औंढ्याला जाऊ, येताना दुधाळ्याकडून येऊ. छापील पानं आणू नकोस, वही आण. आणि म्हातारीचं लवकर काय ते ठरव, कारण दोन्ही पोरं रोज फाटकापाशी येऊन विचारायलेत, "गुरुजी, आज किती बिया भरल्या?"